अभिज्ञानाचे नवे नाट्य

१

लोकप्रिय कलाप्रकारांचा विचार करताना टीकाकाराची वृत्ती बहुधा दोन टोकांना जाते. एक तर तो लोकप्रियतेलाच अभिरुचिहीनतेचा पुरावा मानतो आणि कृतीकडे न पाहताच निकाल देऊन मोकळा होतो. नाही तर जे बहुतांना आवडते त्यात काही तरी सत्त्व असलेच पाहिजे, असे गृहीत धरून परीक्षणाची जबाबदारीच झटकून टाकतो. न्यायसहायक विज्ञानावर आधारलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांच्या वाट्याला ह्या दोन्ही वृत्ती आल्या आहेत. त्यांची लोकप्रियता मात्र निर्विवाद आहे. अमेरिकेतील सी.बी.एस. वाहिनीवर ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झालेली 'सी.एस.आय. : क्राइम सीन इन्व्हेस्टिगेशन' ही मालिका १५ पर्वे चालली आणि २०१५ साली संपली, दरम्यान २००२ साली मायामीची आणि २००४ साली न्यूयॉर्कची अशा तिच्या दोन शाखा निघाल्या. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.वर १९९६ साली अवतरलेली 'सायलेंट विटनेस' पाव शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. भारतात 'सी.आय.डी.' ह्या हिंदी मालिकेने १९९८ ते २०१८ अशी २० वर्षे प्रेक्षक धरून ठेवला, आणि २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली.

एक प्रेत, एक सूक्ष्मदर्शक, हातमोजे घातलेली चार-दोन अबोल माणसे आणि शेवटी एक नाव : एवढ्याच सामग्रीवर उभा असलेला हा प्रकार देशोदेशींच्या, भिन्न संस्कारांच्या प्रेक्षकांना वर्षानुवर्षे कसा रिझवू शकतो? भीषणाची ओढ, हे ह्या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर अपुरे आहे. भीषण दृश्ये इतर अनेक प्रकारांतही असतात, आणि ती ह्यापेक्षा सढळ हाताने पेरलेली असतात. ह्या मालिकांचे वैशिष्ट्य भीषणात नसून भीषणाच्या पुढे जे येते त्यात आहे. ते काय आहे आणि त्याची किंमत काय मोजावी लागते, ह्याचा विचार वाङ्मयीन दृष्टीनेच करावा लागेल. कारण मुळात हा प्रश्न कथेच्या रचनेचा आणि तिच्यातील 'ओळखी'चा आहे.

२

प्रयोगशाळा आणि गुन्ह्याची कथा ह्यांचे नाते दूरचित्रवाणीने जोडलेले नाही. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' ह्या कादंबरीत शेरलॉक होम्स वाचकाला प्रथम भेटतो तो एका रुग्णालयाच्या रसायनशाळेत. केवळ रक्तालाच ओळखणारे एक द्रव्य आपल्याला सापडले, ह्या आनंदात तो असतो. रक्ताचा डाग स्वतःच बोलू लागेल आणि साक्षीदाराच्या शब्दावर न्याय अवलंबून राहणार नाही, हे स्वप्न त्या प्रसंगात आहे. पुढे १९१० साली फ्रान्समधील लिऑन येथे एदमाँ लोकार ह्याने पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभारली, आणि प्रत्येक स्पर्श मागे काही ठेवतो व काही घेऊन जातो, ह्या विचाराशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. लोकार हा कॉनन डॉइलच्या कथांचा चाहता होता. कल्पित कथेने विज्ञानाला आधी वाट दाखवावी आणि मग विज्ञानाने कथेला साहित्य पुरवावे, असा हा परस्पर ऋणाचा व्यवहार आहे.

ह्या परंपरेचा खरा आद्य पुरुष मात्र होम्स नव्हे. तो मान आर. ऑस्टिन फ्रीमन ह्याच्या डॉ. थॉर्नडाइकला दिला पाहिजे. थॉर्नडाइक हा वैद्य आहे आणि न्यायवैद्यकाचा अधिकारी आहे. तो पेटीत उपकरणे घेऊन हिंडतो, माती, केस व धूळ पारखतो. १९०७ साली निघालेल्या 'द रेड थम्ब मार्क' ह्या त्याच्या पहिल्या कादंबरीचा विषय आज विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. लंडनच्या पोलिसांनी बोटांच्या ठशांची पद्धत १९०१ साली स्वीकारली होती. तिचा दरारा नवा होता. अशा वेळी फ्रीमनने जी कथा लिहिली तिच्यात अंगठ्याचा निःसंदिग्ध ठसा हाच निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवू पाहतो, आणि तो ठसा बनावट आहे हे थॉर्नडाइक भर न्यायालयात सिद्ध करून दाखवतो. म्हणजे प्रयोगशाळेच्या कथेचा आरंभच प्रयोगशाळेविषयीच्या संशयाने झाला आहे. फ्रीमनचा नायक विज्ञानावर श्रद्धा ठेवतो म्हणूनच एखाद्या निष्कर्षावर आंधळी श्रद्धा ठेवायला तो तयार नसतो.

दूरचित्रवाणीवर हा नायक स्थिरावला तो 'क्विन्सी, एम.ई.' (१९७६ ते १९८३) ह्या मालिकेत. लॉस एंजेलिसचा हा शवचिकित्सक मृत्यूचे कारण शोधतो, आणि ते शोधताना रुग्णालये, कारखाने व शासन ह्यांच्याशी भांडतो. त्याच्या भाषणांत उपदेशाचा अतिरेक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचे शास्त्र समाजाच्या वादविवादात उतरलेले आहे. दुर्मिळ रोगांवरील औषधे कोणी तयार करीत नाही, ह्या विषयावर मालिकेने एक भाग केला आणि १९८१ साली क्विन्सीची भूमिका करणारा नट जॅक क्लगमन अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याविषयी बोलला; त्यासंबंधीचा कायदा १९८३ च्या जानेवारीत झाला. नाट्यातील शवचिकित्सकाची वाणी प्रत्यक्ष सभागृहात पोचल्याचे असे उदाहरण विरळाच.

'सी.एस.आय.'ने ह्या परंपरेतून भाषण काढून टाकले. तिचा नायक गिल ग्रिसम हा कीटकशास्त्रज्ञ आहे. लोक खोटे बोलतात, पुरावा बोलत नाही, म्हणून पुराव्याचेच ऐकावे, अशी त्याची धारणा आहे. ह्या धारणेतच मालिकेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही साठवलेली आहेत.

३

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त अभिज्ञानाचे, म्हणजे ओळख पटण्याचे, प्रकार लावून त्यांची प्रतवारी केली आहे. व्रण, अलंकार ह्यांसारख्या बाह्य खुणांनी होणारे अभिज्ञान त्याच्या मते कलादृष्ट्या सर्वांत कनिष्ठ. तर्काने होणारे त्याहून बरे. आणि ईडिपसच्या कथेप्रमाणे घटनांच्या ओघातूनच अटळपणे घडून येणारे अभिज्ञान सर्वश्रेष्ठ. तर्काने होणाऱ्या अभिज्ञानाचे उदाहरण म्हणून तो एस्किलसच्या 'कोएफोरी' ह्या नाटकाकडे बोट दाखवतो. त्या नाटकात पित्याच्या थडग्यावर ठेवलेली केसांची बट आणि जमिनीवर उमटलेली पावले पाहून इलेक्ट्रा आपला भाऊ आला असावा असे ताडते. केस आणि पाऊल : आजच्या कोणत्याही तपासणी-पथकाच्या पिशवीत हे दोन्ही पुरावे सापडतील. पुढे युरिपिडीसने आपल्या 'इलेक्ट्रा'त ह्याच प्रसंगाची टर उडवली. आखाड्यात वाढलेल्या पुरुषाचे केस आणि फणीने विंचरलेले स्त्रीचे केस सारखे कसे असतील? खडकाळ जमिनीवर पाऊल उमटेल कसे, आणि उमटले तरी भावाबहिणीची पावले एका मापाची कशी? उलटतपासणीचा इतका नेमका नमुना प्राचीन नाट्यात दुसरा क्वचितच मिळेल. पुरावा पुढे आला की त्यावर शंका घेणारा कोणी तरी उभा राहतो, हे त्या दोन नाटककारांच्या संवादातून दिसते.

न्यायसहायक विज्ञानाच्या मालिकांनी खुणेच्या अभिज्ञानाला, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या कनिष्ठ प्रकाराला, पुन्हा रंगभूमीच्या मध्यभागी आणून बसवले आहे. पण केवळ एवढ्यावरून त्यांना कनिष्ठ ठरवणे अन्यायाचे होईल. ॲरिस्टॉटलने खूण गौण मानली ती ती आयती मिळते म्हणून. तिच्यामागे कृती नसते म्हणून. ह्या मालिकांत खूण आयती मिळत नाही. ती मिळवण्याचे कष्ट हाच कथेचा गाभा असतो. 'सी.एस.आय.'मधील अत्यंत लक्षणीय प्रसंग ते आहेत, ज्यांत कोणी बोलत नाही : मागे संगीत चालू असते आणि एक माणूस गालिच्यावरील तंतू चिमट्याने उचलतो, कापडाचा तुकडा द्रवात बुडवतो, वाट पाहतो, नोंद करतो, पुन्हा पाहतो. काम करण्यात मग्न झालेला माणूस हे दृश्य नाट्याने आणि चित्रपटानेही फार थोडे दाखवले आहे. त्यांना माणसाच्या कामापेक्षा त्याचे बोलणे, भांडणे आणि प्रेम करणे अधिक सोयीचे वाटते. स्वतःच्या कामात लक्ष लागत नाही आणि त्या कामाचे फळही दिसत नाही, अशा असंख्य प्रेक्षकांना ही एकाग्रता आणि तिला निश्चितपणे मिळणारे फळ हवेहवेसे वाटावे, हे स्वाभाविक आहे. ह्या मालिकांच्या लोकप्रियतेचे एक निकोप कारण येथे आहे.

उणीव आहे ती ह्यापुढच्या पायरीवर. कालिदासाच्या 'शाकुंतला'तही अभिज्ञान खुणेनेच होते. सहाव्या अंकाच्या आरंभी एका कोळ्याला राजाच्या नावाची अंगठी विकताना शिपाई पकडतात, त्याला चोर समजून मारहाण करतात, आणि रोहित माशाच्या पोटात ती मिळाली हे त्याचे म्हणणे शेवटी खरे ठरते. तपास, संशयित, वस्तू आणि निर्दोषत्व हे सारे त्या छोट्या प्रवेशात आहे. पण कालिदासाचे नाटक अंगठी सापडल्यावर संपत नाही. खऱ्या अर्थाने ते तेथे सुरू होते. अंगठी दुष्यंताला माहिती देत नाही, स्मृती देते. आणि स्मृतीबरोबर पश्चात्ताप देते. सहाव्या अंकाचा सारा करुण त्या पश्चात्तापाचा आहे. नव्या अभिज्ञानात खुणेमागून नाव येते, नावामागून दार ठोठावणे, आणि दारामागून कबुली. कबुलीलाही तेथे वेळ नसतो. गुन्हेगाराने काय केले ते कळते. केल्यावर तो कोण झाला, हे कळत नाही. अंगठी मिळाली आणि पडदा पडला, अशी ही अवस्था आहे.

४

ह्या मालिकांमध्ये प्रेताला जे स्थान आहे त्याचा विचार रसदृष्ट्या स्वतंत्रपणे केला पाहिजे. भरताने बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा सांगितला. शवविच्छेदनाच्या दृश्याने जुगुप्सा उत्पन्न व्हावी हे उघड आहे. आणि तरीही कोट्यवधी प्रेक्षक जेवणाच्या वेळी ही दृश्ये पाहतात. ह्याचे कारण असे की, मालिकाकारांनी जुगुप्सेचे विस्मयात रूपांतर करण्याची युक्ती साधली आहे. 'सी.एस.आय.'मध्ये कॅमेरा गोळीच्या मागोमाग देहात शिरतो. स्नायू फाटताना, रक्तवाहिनी तुटताना दाखवतो. ते दृश्य इतके जवळून आणि इतके अपरिचित असते की प्रेक्षकाला ते माणसाचे अंग वाटतच नाही. एखाद्या अज्ञात प्रदेशाचा प्रवास वाटतो. निळसर प्रकाश, चकचकीत पोलाद आणि काच ह्यांच्या साह्याने बीभत्साला अद्भुताच्या पंक्तीला बसवले जाते. शोक करणाऱ्या आप्तांचा करुण एखाद्या मिनिटात आटोपतो, कारण तो लांबला तर अद्भुताचा रंग उतरेल.

तरीही ह्या प्रकारातील उत्तम कृतींनी येथेच एक गंभीर मूल्य हाती घेतले आहे. 'सायलेंट विटनेस' ह्या नावाचा अर्थच मूक साक्षीदार. तिची पहिली नायिका डॉ. सॅम रायन मृतदेहापुढे उभी राहते ती, ज्याचे म्हणणे कोणीच ऐकले नाही अशा माणसापुढे उभे राहावे तशी. 'बोन्स' (२००५ ते २०१७) ही मालिका कॅथी राइक्स ह्या प्रत्यक्ष अस्थितज्ज्ञ असलेल्या लेखिकेच्या कार्यावरून स्फुरलेली. तिच्यातही केवळ हाडे उरलेल्या अनामिकाला त्याचे नाव परत मिळवून देणे हे नायिकेला गुन्हेगार पकडण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. मेलेल्याला वाली नसतो, अशी लोकसमजूत आहे. त्याला एक वाली आहे, तो त्याच्या नखाखालची मातीही वाया जाऊ देणार नाही, हे आश्वासन ह्या कथा देतात. आधुनिक नगरात मृत्यू जितका एकाकी होत जातो तितके हे आश्वासन मोलाचे वाटते. प्रेक्षक येथे भीषणाकडे आकर्षित होत नाही. आपल्या देहाचीही कोणी इतक्या आस्थेने दखल घेईल, ह्या कल्पनेने तो मनातून सुखावतो. ह्या सुखाला हीन म्हणता येणार नाही.

५

परंतु आश्वासन एक आणि हमी दुसरी. मालिका हमी देतात, आणि तेथून त्यांचा दोष सुरू होतो. 'सी.एस.आय.'ची एक रचनायुक्ती ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तपासणीसांच्या मनात जो तर्क येतो तो रंग बदललेल्या, दाणेदार दृश्यातून पडद्यावर प्रत्यक्ष घडताना दाखवला जातो. पहिला तर्क चुकीचा ठरला की दुसरे दृश्य येते, मग तिसरे. चुकीचा तर्क आणि बरोबर तर्क दोन्ही कॅमेऱ्याने सारख्याच ठळकपणे 'पाहिलेले' असतात. शेवटच्या दृश्याला सत्याची प्रतिष्ठा मिळते ती त्याच्या अंगच्या गुणाने नव्हे, तर त्यानंतर भाग संपतो म्हणून! प्रत्यक्षात अंतिम वाटणाऱ्या निष्कर्षानंतरही प्रश्न उरतात. रक्ताचा माग दाखवणारे ल्युमिनॉल अंधारात निळे चमकते, हे दृश्य आता सर्वपरिचित आहे. पण ते कपडे धुण्याच्या ब्लीचमुळेही चमकते. केवळ रक्तालाच ओळखणारे होम्सचे द्रव्य ह्या अर्थी कादंबरीतच राहिले.

खऱ्या प्रयोगशाळांचा इतिहास ह्याहून अस्वस्थ करणारा आहे. २००४ साली माद्रिद येथील रेल्वेतील बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने एका ठशावरून ओरेगन राज्यातील एका वकिलाला अटक केली. तो ठसा त्याचा नव्हता, दुसऱ्याच एका माणसाचा होता, हे स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिले. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने असा निर्वाळा दिला की, पेशीकेंद्रातील डी.एन.ए.ची तपासणी वगळता कोणतीही न्यायसहायक पद्धत एखाद्या पुराव्याचा विशिष्ट व्यक्तीशी संबंध सातत्याने आणि उच्च निश्चितीने जोडू शकते, हे काटेकोरपणे सिद्ध झालेले नाही. २०१५ साली एफ.बी.आय.ने, केसांच्या सूक्ष्मदर्शी तुलनेवर आपल्या तज्ज्ञांनी दिलेल्या ज्या साक्षी फेरतपासल्या गेल्या त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक साक्षींत सदोष विधाने होती, हे मान्य केले. इलेक्ट्राच्या हातातील केसांच्या बटेवर युरिपिडीसने घेतलेली शंका सुमारे अडीच हजार वर्षांनी अशा रीतीने सप्रमाण ठरली.

ह्या मालिकांमुळे पंच म्हणून बसणारे नागरिक प्रत्येक खटल्यात वैज्ञानिक पुरावा मागू लागले, अशी तक्रार अमेरिकेतील सरकारी वकील करू लागले आणि तिला 'सी.एस.आय. परिणाम' असे नावही पडले. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ साली पंचाच्या कामासाठी बोलावलेल्या सुमारे १,००० नागरिकांची पाहणी केली. त्यांपैकी ४६ टक्के लोकांना प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही वैज्ञानिक पुरावा अपेक्षित होता. २२ टक्क्यांना तर प्रत्येक खटल्यात डी.एन.ए. हवा होता. मात्र मालिका पाहणारे आणि न पाहणारे ह्यांच्या दोषी ठरवण्याच्या वृत्तीत महत्त्वाचा फरक दिसला नाही. शेल्टन ह्यांचा कल असा की, ही अपेक्षा एका मालिकेची नसून यंत्रयुगातील एकूण जीवनाचीच आहे. हे खरे असेल तर मालिकांवरील एक आरोप सौम्य होतो आणि टीकाकाराचे काम अधिक अवघड होते. कारण मग मालिका ह्या रोगाचे कारण नसून त्याचे सर्वांत लोभस रूप आहेत, असे म्हणावे लागते.

ह्या सर्वांच्या मुळाशी एक मोठी गाळणूक आहे. इंग्रजीतील 'फोरेन्सिक' हा शब्द लॅटिन 'फोरम'वरून आला. फोरम म्हणजे नगरातील चौक, जेथे बाजार भरे, सभा होत आणि खटले चालत. शब्दाच्या पोटात वादविवाद आहे, प्रतिपक्ष आहे, ऐकणारा समुदाय आहे. मालिकांनी त्या शब्दातून चौक काढून टाकला आणि प्रयोगशाळा ठेवली. थॉर्नडाइक न्यायालयात उभा राहत असे. क्विन्सी समित्यांपुढे भांडत असे. ग्रिसमच्या कथा बहुधा न्यायालयाचे दार उघडण्याआधीच संपतात. त्यामुळे आरोपीच्या वकिलाला, म्हणजे युरिपिडीसच्या वंशजाला, तेथे फारसे कामच उरत नाही.

६

भारतीय प्रेक्षकाच्या संदर्भात ह्या प्रश्नाला वेगळी धार येते. न्यायसहायक विज्ञानाचा एक महत्त्वाचा अध्याय ह्याच भूमीवर लिहिला गेला. बंगालमध्ये अधिकारी असलेल्या विल्यम हर्शेलने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर उमटवून घेतला, तो त्याने पुढे सही नाकारू नये म्हणून. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग निघाला, आणि ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली, तिच्या घडणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा भारतीयांचा मोठा वाटा होता. म्हणजे प्रजेच्या शब्दावर राज्यकर्त्याचा विश्वास नाही, ह्या भावनेतून येथे ठशाचा जन्म झाला. शब्दावरचा हा अविश्वास पुढेही संपला नाही. फक्त त्याचा रोख बदलला. साक्षीदार फितूर होतात, कबुली मारहाणीने मिळवली जाते, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे जाणणाऱ्या नागरिकाला लाच न घेणारे आणि दबावाखाली न येणारे यंत्र देवासारखे वाटले तर नवल नाही.

'सी.आय.डी.'चे आकर्षण ह्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. बी. पी. सिंग ह्यांच्या ह्या मालिकेत शिवाजी साटम ह्यांनी रंगवलेला ए.सी.पी. प्रद्युम्न प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जातो आणि नरेंद्र गुप्ता ह्यांचा डॉ. साळुंखे त्याला उत्तर देतो. पाश्चात्त्य मालिकेतील अबोल श्रम येथे नाहीत. द्रव ढवळले की निष्कर्ष तयार! शास्त्राच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे आणि त्याची थट्टाही पुष्कळ झाली आहे. परंतु त्या प्रयोगशाळेत दोन मित्रांची नोकझोक आहे, खवचटपणा आहे, रुसवे आहेत. भारतीय प्रेक्षकाला यंत्रही ओळखीच्या माणसाच्या हातूनच हवे असते, हे मालिकाकारांनी अचूक ओळखले. मराठी वाचकाला ही जवळीक नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार ह्यांच्यावर ज्या पिढ्या पोसल्या त्यांनी तपासातील बिनचूकपणापेक्षा तपासणाऱ्याच्या सहवासावरच अधिक प्रेम केले. साळुंख्यांची परीक्षानळी ही त्या कौटुंबिक रहस्यकथेची वारस आहे. लोकारच्या प्रयोगशाळेशी तिचा संबंध नावापुरता.

ह्या भाबडेपणात मात्र एक धोका आहे. याज्ञवल्क्याने लेख, भोग आणि साक्षी ही मानुष प्रमाणे सांगून, ती नसतील तेव्हाच दिव्याचा आश्रय करावा असे म्हटले आहे. तराजू, अग्नी, जल, विष आणि कोश ही ती दिव्ये. मानुष प्रमाणांवरचा विश्वास उडाला की समाज दिव्याकडे धावतो. आणि दिव्याची उलटतपासणी करता येत नाही. विज्ञान हे दिव्य नव्हे, कारण त्याची चूक विज्ञानानेच दाखवता येते. पण मालिकेत ते दिव्यासारखे वागवले जाते, आणि समाजातही तसे वागवले जाण्याची शक्यता कल्पनेतली नाही. संशयिताला औषध टोचून किंवा त्याच्या मेंदूच्या लहरी मोजून सत्य काढण्याचे प्रयोग भारतात बरीच वर्षे चालले. संमतीवाचून ते करणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी' खटल्याच्या निकालात २०१० साली स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना ५ वर्षांची मुदत आहे. सुधारणा स्वागतार्ह आहे. तिच्याबरोबर तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याची सवय आली नाही, तर तिचे फळ अर्धेच मिळेल. भारतात आज पंचांपुढे खटले चालत नाहीत, म्हणून मालिकांचा परिणाम येथे संभवत नाही, असे म्हणणेही फसवे आहे. पोलीस, वकील, न्यायाधीश आणि वृत्तपत्रांचे वाचक ह्याच समाजातून येतात.

७

परिस्थितिजन्य पुराव्याचे नाटक भारतीय वाङ्मयात फार पूर्वीच लिहिले गेले आहे, आणि देवलांच्या रूपांतरामुळे मराठी रंगभूमीनेही ते आपले मानले आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. न्यायाधीश विवेकी आहे. चारुदत्ताच्या हातून असे घडेल ह्यावर त्याचा विश्वास बसत नाही. पण पुरावे एकामागून एक येतात. वसंतसेना चारुदत्ताच्या गाडीतून उद्यानात गेली, हे वीरक सांगतो. त्याला उद्यानात पाठवले जाते. श्वापदांनी ओढलेल्या एका देहाचे अवशेष पाहून तो परततो, आणि केस, हात व पाय ह्यांवरून तो स्त्रीचा देह होता असे सांगतो. इतक्यात मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने सर्वांसमक्ष खाली पडतात. प्रत्येक वस्तू खरी आहे. गाडी खरी, देह खरा, दागिने खरे. आणि निष्कर्ष संपूर्णपणे खोटा आहे. देह दुसऱ्याच स्त्रीचा होता, दागिने तिने मुलाला प्रेमाने दिले होते, आणि वसंतसेना जिवंत होती. पुरावा खोटे बोलत नाही, हे ग्रिसमचे तत्त्व शूद्रकाने मान्य केले असते. पुरावा मुळात बोलतच नाही, त्याच्या वतीने माणसे बोलतात, एवढेच त्याने पुढे जोडले असते.

दहाव्या अंकात चारुदत्त सुटतो तो निर्दोषत्व स्वतः चालत वधस्थानी येते म्हणून. आधुनिक विज्ञानाने हा चमत्कार प्रत्यक्षात घडवला आहे, ही त्याची सर्वांत उदात्त कामगिरी होय. १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज ह्यांनी शोधलेल्या डी.एन.ए.-परीक्षेचा गुन्ह्याच्या तपासात जेव्हा प्रथम उपयोग झाला, तेव्हा तिने आधी एका कबुली दिलेल्या तरुणाचे निर्दोषत्व सिद्ध केले आणि मग खरा गुन्हेगार शोधण्यास साह्य केले. १९९२ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'इनोसन्स प्रोजेक्ट'च्या प्रेरणेने जी चळवळ उभी राहिली, तिच्या काळात ३५० हून अधिक माणसे ह्याच परीक्षेमुळे शिक्षेतून निर्दोष सुटली. त्यांतील कित्येकांना आधी दोषी ठरवण्यातही सदोष न्यायसहायक पुराव्याचा हात होता. येथे खरे नाट्य आहे : यंत्र यंत्राच्या विरुद्ध साक्ष देते, संस्था स्वतःची चूक पाहते, आणि वीस-वीस वर्षांनी दार उघडते. दर आठवड्याला एक गुन्हेगार पकडणाऱ्या मालिकांनी ह्या नाट्याला अपवादानेच हात घातला आहे. कारण उघड आहे. ते नाट्य प्रेक्षकाला निश्चिती देत नाही. ज्यावर त्याने विश्वास ठेवला त्याच वस्तूकडे पुन्हा पाहायला लावते.

ह्या प्रकाराने यापुढे कोणत्या दिशेने जावे, ह्याचे सूचन मराठीने घडवलेल्या एका शासकीय शब्दातच आहे. महाराष्ट्रातील अशा प्रयोगशाळांना 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' म्हणतात. विज्ञान हे न्यायाचे सहायक आहे. ते न्यायाच्या आसनावर बसलेले नाही. सहायकाचे काम मन लावून, नम्रतेने, एखाद्या मूक माणसाच्या वतीने कसे करावे, हे ह्या मालिकांनी त्यांच्या उत्तम क्षणी दाखवले आहे, आणि त्याबद्दल रसिकाने त्यांचे ऋण मानावे. मात्र सहायकाचे म्हणणे ऐकून घेणारा, त्याला प्रश्न विचारणारा आणि वेळ पडल्यास ते नाकारणारा माणूसही त्या कथेत परत आला पाहिजे. तो येईल तेव्हा ह्या मालिका कदाचित इतक्या निवांतपणे पाहता येणार नाहीत. परंतु तेव्हाच त्यांतील अभिज्ञानाला खुणेच्या पलीकडचा अर्थ प्राप्त होईल.